दसऱ्यात नाताळ करणारे पाळकसाहेब

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना कॅलेंडर वाचता येत नव्हतं, असं माझं ठाम मत आहे. घड्याळाचं तर नावच काढू नका. ते मनगटावर असायचं, पण पाळकीणबाईंनी हौसेनं दिलं होतं म्हणून. रविवारची उपासना नऊची. आम्ही नऊला बसायचो, गाणी म्हणायचो, गाणी संपायची, पोरं पेंगायला लागायची, आणि साहेब कुठे? तर घाटनांदूरच्या शिवेवर कुणा मेंढपाळाच्या आजारी शेळीवर हात ठेवून डोळे मिटून उभे! मी जन्मभर शाळेत मुख्याध्यापिका होते, घंटा झाली की फाटक लावून घेणारी. अशा बाईला या माणसाच्या मंडळीची सेक्रेटरी व्हावं लागलं. माझं किती रक्त आटलं असेल ते तुम्हीच समजा.

एकदा मी न राहवून विचारलं, "अहो साहेब, शेळीला काय कळतं प्रार्थनेतलं?"

"शेळीला नाही कळत, बाई," ते म्हणाले. "पण तिचा धनी रडत होता."

मी घरी येऊन भांडी आपटली.

चर्चची कुठलीही वस्तू जागेवर सापडली तर शपथ. हार्मोनियम कुणाच्या तरी भजनाला, लाऊडस्पीकर पाटलांच्या नातवाच्या बारशाला. एका रविवारी येऊन बघते तर सगळ्या सतरंज्या गायब. गावातल्या एका साखरपुड्यात पाहुण्यांच्या खाली अंथरलेल्या. आम्ही थंडगार फरशीवर बसून उपदेश ऐकला, आणि उपदेश कशावर? आदरातिथ्यावर! पाळकीणबाई माझ्याकडे बघून नुसत्या कपाळाला हात लावत. त्यांच्याही घरातला कुकर तेव्हा दोन गल्ल्या पलीकडे शिट्ट्या मारत होता.

पण या सगळ्यावर कडी केली ती नाताळानं.

आमच्या मेथॉडिस्ट मंडळीतली निम्मी घरं ऊसतोडीची. दसरा झाला की मुकादमाचा ट्रक येतो आणि नवरा-बायको, कोयते, भांडीकुंडी, कडेवरची लेकरं, सगळं भरून कारखान्याच्या मुलखात जातं. परत येतं ते उन्हाळा लागल्यावर. त्यामुळे पंचवीस डिसेंबरला चर्चमध्ये कोण? म्हातारेकोतारे, आजीपाशी ठेवलेली शाळेची पोरं, आणि मी. वर्षानुवर्षं हे असंच चाललेलं. वाईट वाटायचं, पण यात काही करण्यासारखं आहे असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

साहेब आले त्याच वर्षी मार्था त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. मार्था म्हणजे या तोडीला जाणाऱ्या बायांची पुढारी, तोंडानं फटकळ. म्हणाली, "साहेब, लगीन होऊन आले तवापासून म्या हितला नाताळ बघितला न्हाई. तिकडं फडात त्या दिवशीबी कोयताच चालतोय. आमच्या लेकरांला नाताळ म्हंजी काय त्येच ठाव न्हाई."

पुढच्या रविवारी साहेबांनी उपासनेत उभे राहून जाहीर केलं, "यंदा नाताळ दसऱ्यानंतरच्या शनिवारी. सगळ्यांनी यावं."

मी ताडकन उठले. "साहेब, प्रभूचा जन्म काय आपल्या सोयीनं व्हायचा का?"

"गोठ्यात झाला बाई तो. त्यात सोय कुणाची बघितली होती?"

मंडळी हसली. मला हसू आलं नाही, अजूनही येत नाही. त्या ऑक्टोबरच्या उन्हात साहेब झगा घालून घामानं निथळत उभे, चर्चच्या दारावर मोठी चांदणी टांगलेली, आणि कॅरोल गात आमची फेरी बाजारातून निघालेली. दिवाळीच्या आकाशकंदिलांची दुकानं लागली होती, तिथले लोक विचारत होते, "काय बाई, यंदा देव लवकर जन्मले व्हय?" धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. कुणीतरी फोटो व्हॉट्सॲपवर टाकला आणि तो फिरत फिरत बीडला वरिष्ठांपर्यंत गेला. त्यांचा फोन आला. साहेब अगदी नम्रपणे म्हणाले, "हो साहेब, पंचवीस डिसेंबरलाही करतो की." आणि केला. म्हणजे सजावट दोनदा, फराळ दोनदा, झाडलोट दोनदा, आणि ती करणार कोण? मीच!

एका वर्षी मुकादमानं ऐन वेळी दिवस बदलला. संध्याकाळी आमचा नाताळ, आणि सकाळीच ट्रक निघून गेलेला. मी मनात म्हटलं, चला, सुटले. तेवढ्यात दारात गाडीचा हॉर्न. साहेब कुणाची तरी जीप मागून घेऊन आले होते. "बाई, प्रभुभोजनाचं सामान घ्या. मांजरसुंब्याला सगळे ट्रक चहाला थांबतात. गाठू."

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला?" असं म्हणत मी जीपमध्ये बसले. का बसले, देव जाणे. अंबाजोगाई, केज, नेकनूर, सगळ्या खड्ड्यांत माझी कंबर मोजून घेत आम्ही मांजरसुंब्याला पोचलो. ढाब्यासमोर ट्रक उभा होता. आम्हाला बघून मार्थानं वरूनच आरोळी ठोकली, "अगं बया, नाताळ आला बगा!" आणि माणसं टपाटप खाली उतरली. ढाबेवाल्यानं टेबल पुसून दिलं. ड्रायव्हर कुरकुरत होता, त्याला साहेबांनी हातात चहा देऊन गप्प केलं. मी पेले मांडले, द्राक्षरस ओतला, आणि साहेबांनी माझ्याकडे हात पुढे केला. प्रभुभोजनाला मोडायचा पाव कुठाय? तो तेच आणणार होते, आणि तेच विसरले होते!

माझा पारा चढला. तेवढ्यात मार्थानं वाटेसाठी बांधून घेतलेलं फडकं सोडलं आणि ज्वारीची भाकरी पुढे केली.

"ज्वारीची चालते का कुठं?" मी पुटपुटले.

"प्रभूच्या गालीलात काय बेकरी होती का, बाई?" म्हणत त्यांनी भाकरी मोडली.

त्याच ट्रकमधली हिंदू माणसंही हात जोडून बाजूला उभी राहिली होती. मुकादमानं चप्पल काढली. धुरळ्यात, हॉर्नच्या आवाजात, ट्रकमधल्या बायांनी असं गाणं म्हटलं की मला त्याचे पुढचे शब्द आठवेनात. परत येताना मी रिकामे पेले पुसत बसले. बोलले असते तर रडू फुटलं असतं, आणि ते त्यांना दिसू द्यायचं नव्हतं.

आमच्यात पाळकांच्या नेमणुका वार्षिक परिषदेत शेवटच्या दिवशी वाचल्या जातात. नाव पुकारलं की उठायचं आणि सामान बांधायचं. गेल्या परिषदेत साहेबांचं नाव दूरच्या एका शहरासाठी वाचलं गेलं. ऊसतोडीची माणसं परतण्याआधीच ते गेले. एसटीपाशी त्यांनी निरोपाची प्रार्थना सुरू केली ती संपेचना. शेवटी कंडक्टर म्हणाला, "साहेब, आमेन म्हणा आता, गाडी सोडायचीय."

नवे पाळकसाहेब आले ते शिस्तीचे. नऊ म्हणजे नऊ. सतरंज्या जागेवर, हार्मोनियमला कुलूप. मला असंच हवं होतं, आणि मला करमेना. दसरा जवळ आला तसं मी तोडीवाल्यांच्या नाताळाचं त्यांच्या कानावर घातलं. ते शांतपणे म्हणाले, "बाई, नाताळ पंचवीस डिसेंबरलाच." यात त्यांचं काय चुकलं? तेच तर मी इतकी वर्षं ओरडत होते.

मी जुन्या साहेबांना फोन लावला. सगळं सांगितलं आणि म्हटलं, "तुम्ही एकदा बोला ना त्यांच्याशी. नाहीतर एक दिवस या."

ते म्हणाले, "नाही बाई. दुसऱ्याच्या मंडळीत जुन्या पाळकानं पाय घालायचा नसतो. आता तुमचे पाळक ते." आणि फोन ठेवला.

बघा! आयुष्यात एक नियम पाळला नाही या माणसानं, आणि पाळला तर नेमका हा!

दसरा उलटल्यावर एका दुपारी मार्था आली. मागे सगळी टोळी, बोचकी बांधून तयार. "बाई, सकाळी टरक हाय. साहेब न्हाईत म्हून नाताळ बी न्हाई व्हय?"

मी चपला घातल्या आणि त्या सगळ्यांना घेऊन पाळकांच्या घरी गेले. नव्या साहेबांनी दार उघडलं. मी म्हटलं, "साहेब, झगा घाला. ही माणसं उद्या चाललीत. नाताळ आज आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मागच्या बोचक्यांकडे, कडेवरच्या लेकरांकडे. आणि आत वळले. झगा आणायला गेले की वरिष्ठांना फोन करायला, काही कळेना. थोड्या वेळानं ते झग्याची बटणं लावत बाहेर आले, आणि मी सगळ्या टोळीसमोर, भर दुपारी, ढसाढसा रडले. त्या मेल्या जुन्या पाळकसाहेबांचा इतका राग आला होता मला.