चादरीखालचा कंट्रोलर

माझे वडील दारूबंदी खात्यात होते. हातभट्ट्या हुडकायच्या, पिंपं फोडायची, पंचनामे करायचे, यातच त्यांची नोकरी सरली. आणि माझ्या नवऱ्याने ऑकलंडच्या आमच्या घरात, गराजमध्ये, दारू गाळायचं विजेचं यंत्र मांडलं होतं. न्यूझीलंडमध्ये घरच्यापुरती गाळायला कायद्याची हरकत नाही, पलीकडचे आजोबाही गाळतात, सगळं खरं. पण हे बाबांना सांगणार कोण?

आई गेल्यापासून बाबा पुण्यात एकटे राहत होते. मी एकुलती एक. लेकीच्या घरी कायमचं राहायचं नसतं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मिनतवाऱ्या करून तीन महिन्यांसाठी आणलं, तेव्हा 'बघू, रमलो तर राहीन' एवढंच म्हणाले. त्या 'बघू'ला माझा जीव टांगलेला होता. ते किती जेवले, किती हसले, हेच मी दिवसभर बघत असे.

नेमका तेव्हाच नवऱ्याचा कंट्रोलर आला. यंत्र म्हणजे स्टीलचं मोठं भांडं, त्यात हीटर आणि वर नळी. हीटर पूर्ण जोरात चालला की सगळं भसाभस उकळून येतं. सुरुवातीचा खराब भाग वेगळा काढून टाकायचा असतो, त्यासाठी धार नको, थेंब हवेत. म्हणून हीटरचा जोर कमी करणारा कंट्रोलर लागतो, पंख्याच्या रेग्युलेटरसारखाच, पण बराच दणकट.

तो निवडण्यात आमच्या घरात महिनाभर धुसफूस झाली. दुकानातला चांगला होता. लोखंडी पेटी, मागे उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्या, शिवाय छोटा पंखा. पण महाग. दिव्यांचा डिमर स्वस्त, पण एवढा भार त्याला पेलला नसता. शेवटी नवऱ्याने इंटरनेटवरून कुठून तरी परदेशातून एक मागवला. प्लॅस्टिकची इवलीशी डबी आणि तिच्यावर भरमसाट वॅटचा आकडा.

"आकडा छापायला काय लागतं?" मी म्हटलं. "मागच्या पट्ट्या बघ, बोटाएवढ्या आहेत. उष्णता जाणार कुठून?"

"अगं, रिव्ह्यूज चांगले आहेत. आणि खूपच स्वस्त पडला, हीप्स!"

"दात कोरून पोट भरत नाही."

हा माणूस माउंट वेलिंग्टनच्या ऑफिसात बसून सॉफ्टवेअर लिहितो आणि घरातला बल्ब मला बदलायला लावतो. त्याने मला वीज शिकवावी याचा मला भयंकर राग आला.

बाबांना सरळ सांगून टाक, असं मी त्याला दहादा सांगितलं होतं. "झाकली मूठ सव्वा लाखाची," तो म्हणायचा. "मी जावई आहे गं त्यांचा. त्यांच्यासमोर भट्टीवाला म्हणून उभा राहू का?" तिकडे साखरेचं पाणी आंबून तयार होतं, ठेवलं असतं तर वाया गेलं असतं. शनिवारी मी बाबांना भाजी आणायला शहराबाहेर, पुकेकोहेच्या शेतांकडे न्यायचं आणि तेवढ्यात त्याने काम उरकायचं, असं ठरलं. मी दात-ओठ खात हो म्हटलं.

बाबांना पुकेकोहे आवडलं. लाल माती, कांद्याची शेतं, गुजराती बोलणारा दुकानदार. मी जरा सैलावले, तोच ते म्हणाले, "चल, निघू या. जावईबापू जेवायचे थांबले असतील."

मी चहा सुचवला, आइस्क्रीम सुचवलं. ते गाडीत जाऊन बसले. पेट्रोल भरायच्या निमित्ताने मी खाली उतरले आणि फोन लावला. "निघालोय आम्ही. ते आत्ताच्या आत्ता बंद कर."

"स्वीट ॲज," तो म्हणाला, म्हणजे इथल्या भाषेत 'एकदम ठीक'. माझा विश्वास बसला नाही. मोटरवेवर मी इतकी हळू चालवत होते की गाडीत बिघाड आहे का, असं बाबांनी विचारलं.

घरापाशी बाबा उतरले आणि जागीच थांबले. नाकपुड्या हलल्या.

"गुळाची नाही," ते हळूच म्हणाले. "साखरेची आहे." मग त्यांनी मान वळवली. "आणि काहीतरी जळतंय."

गराजचं दार अर्धं उघडं होतं. बाबांनीच आणलेली सोलापुरी चादर त्या सगळ्या पसाऱ्यावर टाकलेली आणि तिच्यापुढे नवरा हसऱ्या चेहऱ्याने उभा. त्याने बंद काहीच केलं नव्हतं, फक्त झाकलं होतं. त्याच्या मागे चादरीचा कोपरा तपकिरी पडत होता आणि धूर निघत होता. चादरीखाली, कंट्रोलरच्या शेजारीच, गाळलेल्या दारूची बरणी असणार, हे मला माहीत होतं.

"बाजूला व्हा, जावईबापू," बाबा म्हणाले. आवाज चढला नाही. त्यांनी आधी भिंतीवरचा स्विच बंद केला. मग चादर उचलून बाहेर सिमेंटवर टाकली आणि बरणी उचलून लांब नेऊन ठेवली. डबी वितळून वाकडी झाली होती. उघडी असती तर कदाचित तगलीही असती. तिचा श्वास चादरीने कोंडला होता.

मग मी नवऱ्यावर जे तोंड सोडलं, ते बाबांनीच थांबवलं.

जेवताना नवरा म्हणाला, "बाबा, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही."

"इथे कायद्याने चालतं ना?"

"हो."

"मग मला कशाला वाईट वाटेल?"

पुढच्या आठवड्यात दोघं मिळून दुकानात गेले. तसल्याच जाड पट्ट्यांचा आणि पंख्याचा, पण आकडे दाखवणारी काच नसलेला एक साधा कंट्रोलर तिथे बराच स्वस्त मिळाला. थेंब डोळ्यांनी दिसतात, आकडे कशाला हवेत, यावर सासरे-जावयांचं एकमत झालं म्हणे. परत आले ते गप्पा मारतच. मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

त्याच दिवशी दुपारी मी परतीचं तिकीट पुढे ढकलायचा विषय काढला. बाबा धुतलेली चादर दोरीवरून काढत होते.

"मी वस्तीत शिरलो की बायका आधी चादरी टाकायच्या," ते म्हणाले. "पिंपांवर, हंड्यांवर. कधी वर तान्हं पोर निजवायच्या. तीस वर्षं मी दिसलो की लोक झाकाझाक करायचे. रिटायर झालो तेव्हा वाटलं, सुटलो. आता मला बघून कोणी काही झाकणार नाही."

"बाबा, आता काही झाकलेलं नाहीये."

"तुझं काही चुकलं नाही, बाळ." त्यांनी जळका भाग आत ठेवून चादरीची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. तिकिटाची तारीख त्यांनी बदलली नाही.