शिंपीकाकांचं जुनं यंत्र

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या शेजारच्या खोलीत, ती सव्वीस वर्षं लोकांच्या कानांची यंत्रं जुळवून देत होती. तिचं खरं नाव हजेरीपुस्तकापुरतं उरलं होतं. शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे तिला कानताईच म्हणत.

तिच्या टेबलावरचा कॉम्प्युटर चौदा वर्षांचा. सकाळी बटण दाबून ती चहा घ्यायला जायची आणि चहा पिऊन आली तरी तो जागा होतच असायचा. कॉम्प्युटर विभागाचे साहेब अधूनमधून येऊन बजावत, “ताई, ही सिस्टीम आता बदलायलाच हवी. यात व्हायरस शिरला तर सगळं रुग्णालय आडवं होईल.”

“बघू पुढच्या महिन्यात,” ती म्हणायची. असे दोन वर्षांचे ‘पुढचे महिने’ झाले होते.

हा काही आळस नव्हता. जुनी यंत्रं बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती आणि ती जुळवायचा प्रोग्राम याच सिस्टीमवर चालायचा. नव्या सिस्टीमवर उघडतच नसे. तसली यंत्रं घालणारी अकरा माणसं अजून होती.

मग लहान मुलांसाठी नवी यंत्रं आली आणि ती जुन्या सिस्टीमला दाद देईनात. यादीत चाळीस मुलं. त्यातल्या एका चार वर्षांच्या मुलीची आई रोज लेकीला कडेवर घेऊन दाराशी उभी राहायची. विचारायची काहीच नाही, नुसती बघायची.

“दोन्ही कॉम्प्युटर ठेवले तर?” कानताईने साहेबांना विचारलं.

“जुना आवारात ठेवायचा नाही, असा हुकूम आहे. घरीही नेता येणार नाही, रुग्णांची माहिती आहे त्यात.”

तिने अकरा जणांना निरोप धाडले. दहा आले, कुणी नवं यंत्र घेतलं, कुणी जुनंच शेवटचं जुळवून नेलं. राहिले एक शिंपीकाका. महिन्यापूर्वीच ते आले होते. बायको अंथरुणाला खिळलेली. “हिचा आवाज पार खोल गेलाय हो. जरा वाढवून द्या,” म्हणाले होते, आणि तिने यंत्र होतं तेवढं चढवून दिलं होतं. आता त्यांना गुरुवार दिला होता. गुरुवारी ते आले नाहीत.

शुक्रवारी साहेब सिस्टीम बदलायचा कागद घेऊन हजर.

“सोमवारपर्यंत थांबता येईल? एकच माणूस राहिलाय.”

“आज नाही झालं तर महिना गेला, ताई. पुढे सगळे दिवस दुसऱ्या विभागांना दिलेत.”

दाराशी ती आई उभीच होती. कानताईने सही केली. दुपारपर्यंत जुना कॉम्प्युटर खोलीतून गेला.

मंगळवारी शिंपीकाका आले. दाढी वाढलेली, सदऱ्याचं एक बटण तुटलेलं. जन्मभर लोकांची बटणं लावलेला माणूस.

“गुरुवारी जमलं नाही. बुधवारी ही गेली.” ते खुर्चीत बसले. “तुम्ही वाढवून दिलंत, म्हणून तिचं शेवटचं ऐकायला मिळालं. ‘खिडकी लावा’ म्हणाली. एवढंच. पण ऐकलं.” त्यांनी यंत्र काढून टेबलावर ठेवलं. “आता कमी करून द्या. घरात बोलणारं कुणी नाही, पण नळाचा थेंब पडला तरी डोक्यात घण बसतो.”

काकांच्या कानात आता यंत्र नव्हतं. कानताईने कागदावर लिहिलं: ‘आता ते करता येत नाही. माझ्याच सहीने बंद झालं.’

काकांनी दोनदा वाचलं. “असू दे,” म्हणाले. “तुमचा काय दोष?”

ते तसं म्हणाले, हेच तिला जास्त लागलं. तिने त्यांना नवं यंत्र बसवलं, मनापासून जुळवलं. “पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखं वाटतं,” म्हणत ते घालून गेले. दोन वेळा दाखवायला आले, मग येईनासे झाले.

त्याच आठवड्यात त्या चार वर्षांच्या मुलीला यंत्र बसलं. आईने हाक मारली तशी ती दचकली, मग आईच्या ओठांना बोट लावून बघत राहिली. कानताईला भरून आलं. तरी त्या आनंदाला कुठेतरी खोच लागलेली होतीच.

महिन्याभराने ती शिंपीकाकांच्या दुकानात गेली. कानात काहीच न घालता ते एका कोटाचं अस्तर उसवत होते. तिने हाक मारली नाही. उंबऱ्याजवळच्या स्टुलावर बसली आणि ते मान वर करतील म्हणून वाट बघत राहिली. बऱ्याच वेळाने त्यांनी पाहिलं, कात्री खाली ठेवली आणि खडू नि कागद तिच्यापुढे सरकवला.