भासऱ्यांनी सांगितलेला शेवट

दवाखान्यातून आमच्या ह्यांचा फोन आला. “दादा गेला. मायले सांग,” एवढंच बोलले आणि ठेवला. म्हणजे निरोप माझ्यासाठी नव्हताच, मी तो फक्त पोहोचवायचा होता. बाहेर ओसरीत नव्वदीला टेकलेल्या सासूबाई ऊन खात बसल्या होत्या. त्यांच्यापर्यंतची दहा-बारा पावलं चालताना माझ्या मनात भलतंच काहीतरी चाललं होतं, सांगायला लाज वाटते... ह्यांनी त्यांना ‘दादा’ म्हणायचं, सासूबाईंनी ‘देवा’ म्हणायचं. मी काय म्हणत होते? काहीच नाही. पस्तीस वर्षं एका घरात राहून मी त्या माणसाला एकदाही हाक मारली नव्हती.

नवऱ्याच्या थोरल्या भावाला आमच्याकडे भासरा म्हणतात. भासऱ्यासमोर सुनेनं यायचं नाही, यावंच लागलं तर पदर नाकापर्यंत ओढायचा, बोलायचं नाही आणि नाव तर मुळीच घ्यायचं नाही. आता आमच्याच घरातल्या नव्या सुना भासऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून बाजाराला जातात, आणि मला ते बघून बरंच वाटतं. माझ्या वेळी मात्र हे सगळं कडक होतं, आणि पुढे सैल करायचं आम्हां दोघांनाही सुचलं नाही. तेव्हा देवराव हे नाव मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. हात अडखळला, खोटं कशाला बोलू? त्यांना मला काही सांगायचं असलं की ते भिंतीला सांगायचे. “चहा झाला असन तर बरं होईन.” मी आतून बांगड्या वाजवायच्या, की समजायचं झाला. कधी मांजराला सांगायचे. एकदा मांजर घरात नव्हतं, तर त्यांनी अंगणातल्या कुदळीला सांगितलं की पोरीला ताप आहे, आज शाळेत धाडू नका. मी तोंडात पदर कोंबून हसत होते आणि पोरगी विचारत होती, “मोठे बाबा कुदळीसंग काऊन बोलतेत?”

वडशाच्या एका नाटक कंपनीत ते प्रॉम्टर होते. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, घरोघरी लेकी, जावई, सोयरे उतरतात आणि गावात नाटक होतं. नट एका हंगामात इतकी नाटकं करतात की सगळी पाठ होणं शक्यच नसतं. मग विंगेत बसलेला प्रॉम्टर वहीतून एकेक वाक्य पुरवतो आणि नट ते उचलतो. भासऱ्यांचा लौकिक असा, की वहीतला शब्द ते इकडचा तिकडे होऊ देत नसत. मान खाली, आवाज सपाट, ना रडणं ना हसणं. एकदा एका नायकानं स्वतःच्या मनाची चार वाक्यं घुसवली, तर भासऱ्यांनी वही मिटून मांडीवर ठेवली. नायक बिचारा मिशीला पीळ देत नुसता उभा. अशा माणसाला मुलगी कोण देणार? हंगामभर घरात नाही आणि हंगाम संपला की घरात असून नसल्यासारखा. त्यांचं लग्न झालंच नाही.

मी पोंभुर्ण्याकडची. उन्हाळ्यात लग्न होऊन वडशाजवळच्या ह्या गावात आले आणि पावसाळा सरता सरता सासरे आजारी पडले. तलावात गळाभर पाण्यात उभं राहून जाळं टाकणारा माणूस, पण जेवण झालं की पोट धरून वाकायचा, उलट्या करायचा. गावातल्या औषधपाण्यानं गुण येईना. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की हे सगळं नवी सून आल्यापासूनचं आहे. सासूबाई मला एक शब्द वाईट बोलल्या नाहीत. फक्त एका सकाळी मी चुलीपाशी गेले, तर त्या तिथे आधीच बसलेल्या. “राहू दे. मीच करतो,” म्हणाल्या. तेव्हापासून मी भांडी घासत होते, अंगण सारवत होते, पण अन्नाला माझा हात लागत नव्हता. सासऱ्यांच्या पाण्याचा तांब्या मी भरला, तर त्या तो ओतून, विसळून पुन्हा भरायच्या. दिवाळी जवळ आली तसं कानावर आलं की मंडईला सोयरे जमले की घरात बैठक बसणार आणि मला माहेरी पाठवणार, परत न आणण्यासाठी. आमचे हे माझ्यासमोर मान वर करत नव्हते. राग यायचा तेव्हा. आता येत नाही. त्यांचा बाप त्यांच्या डोळ्यांदेखत झिजत होता.

ऐंशीच्या दशकातली ती दिवाळी. सुटीत दूरदर्शनवर एक हिंदी रहस्यपट दोन संध्याकाळी दाखवणार होते, खास टीव्हीसाठीच केलेला. गावातला एकुलता एक टीव्ही ग्रामपंचायतीच्या ओट्यावर. मंडईसाठी पाहुणे येऊ लागले होते, पटांगणात बसायला जागा उरली नाही. गोष्ट होती एका श्रीमंत पण आतून किडलेल्या कुटुंबाची. थंड हवेच्या गावी बंगला, सुटीला जमलेले तीन भाऊ, एकमेकांशी धड न बोलणारे, आणि त्यांची म्हातारी आई. थोरला जिन्यावरून पडून मरतो, मधला अंथरूण धरतो, आणि धाकट्याची नवी बायको, जिच्या माहेराबद्दल कुणाला नीट माहीत नाही, ती रोज सगळ्यांना दूध नेऊन देते. पहिला भाग संपला तो तिच्या चेहऱ्यावर. हातात पेला, दाराच्या फटीतून आत बघते आहे, आणि एकाएकी संगीत थांबतं... नावं सरकायला लागली तरी कुणी उठेना. मग बायकांच्या बाजूला एकेक मान माझ्याकडे वळली. एक म्हातारी सरळ म्हणालीच, “असंच असते बाई. घरात घुसून करतेत.”

उद्या ती नवरी पकडली गेली की माझाही निकाल लागला, हे मला स्वच्छ समजलं. सिनेमावरून कुणी माणूस घराबाहेर काढतं का, असं आज म्हणणं सोपं आहे. त्या दिवशी त्या पटांगणात बसून म्हणून दाखवावं.

दुसऱ्या संध्याकाळी नाटकाच्या मंडपाचे दिवे जोडले आणि त्या भारानं गावाची विजेची डीपी जळाली. दुसरा भाग गावात कुणालाच दिसला नाही. पाहुणे इतके चिडले की जेवणावरसुद्धा तोच विषय. भासरे तेवढे वडशाला तालमीला गेले होते आणि कंपनीच्या मालकाकडे टीव्ही होता, तेव्हा सगळ्यांचा जीव त्यांच्यावर टांगलेला. मंडईच्या दिवशी सकाळी ते सायकलवरून आले, तर आमचं अंगण माणसांनी भरलेलं. बैठकही त्याच अंगणात, दुपारी व्हायची होती.

“देवरावभाऊ, कोनं केलं? सुनेनंच ना?”

मी दाराआड उभी होते, सासूबाई पुढे ओसरीवर. पदराखालून मला फक्त सायकलचं चाक दिसत होतं. त्यांनी पाणी मागितलं, प्यायले आणि सांगायला लागले, त्याच सपाट आवाजात. “सुनेनं नाई केलं. कोनंच नाई केलं. थोरला दारू पिऊन पडला. मधल्याले पोटाचं जुनं दुखणं होतं. शहरातल्या डॉक्टरनं फोटो काढला, तवा समजलं. दूध तर थे सून आधी सोता पिऊन पाहे, मंगच देये.” “बस, एवढंच?” कुणीतरी विचारलं. “एवढंच. अन् शेवटी सासू रडली. म्हने, आधीच दवाखान्यात न्या लागत होतं.” असला मिळमिळीत शेवट ऐकून माणसं कुरकुरत पांगली. वडशाकडचा एक जावई म्हणत होता की त्यानं वेगळंच ऐकलंय, पण त्याला कोण विचारतो! प्रॉम्टरच्या तोंडून चुकीचा शब्द जायचा नाही, ह्याची सगळ्या पंचक्रोशीला खात्री होती.

दुपारी बैठक बसली ती सासऱ्यांना नागपूरला कसं न्यायचं ह्यावर. माझं नावही निघालं नाही. त्याच संध्याकाळी सासूबाई चुलीपासून उठल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “भात तू पाह्य.” मी चुलीपाशी बसले आणि धुराचं निमित्त करून पोटभर रडले. पुढे नागपूरला सासऱ्यांच्या आतड्यात जखम निघाली, ऑपरेशन झालं, आणि ते सात वर्षं जगले. शेवटपर्यंत माझ्या हातचा माशाचा रस्सा मागून घ्यायचे.

खरा शेवट मला कळायला बरीच वर्षं जावी लागली. घरी टीव्ही आला होता, एका दुपारी तोच सिनेमा पुन्हा लागला. सुनेनंच केलं होतं. थोरल्याला तिनंच ढकललं, मधल्याच्या दुधात रोज थोडं थोडं विष घातलं, आणि पकडली गेल्यावर ती हसत होती. बाहेर ओसरीत भासरे फाटकी वही शिवत होते, त्यांना सगळं ऐकू जात होतं. जरा वेळानं त्यांनी भिंतीला सांगितलं, “बंद करा म्हनाव तो टीव्ही. लाइन चुकून राह्यली त्यायची.” मी उठून बंद केला. बोलायचं नव्हतंच, त्यामुळे विचारायचंही राहिलं. ते राहिलेलं मला वर्षानुवर्षं बोचत होतं. ज्या माणसामुळे मी ह्या घरात आहे, त्याला मी हे सांगूही शकत नव्हते.

ते जाण्याच्या आठवडाभर आधी मी दवाखान्यात गेले. ह्यांना औषधं आणायला पाठवलं. त्या दिवशी मी पदर डोक्यावर ठेवला, तोंडावर ओढला नाही. “तुमी तवा खोटं काऊन सांगतलं?” त्यांच्याशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य. ते दचकले. सवयीनं भिंत शोधली, मग वळून माझ्याकडे पाहिलं. डोळे घारे होते त्यांचे, मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

“तू बोलतच नव्हती,” ते म्हणाले. “माणूस बोलायचा थांबला का लाइन द्या लागते. आमचं कामच थे.”

मला खूप बोलायचं होतं, पण रडूच आलं. ते अवघडले, आणि खिडकीला म्हणाले की जरा पाणी मिळालं असतं तर बरं झालं असतं. मी पेला त्यांच्या ओठांना लावला.

तेरवी झाली, पाहुणे गेले. सासूबाई आणि मी त्यांच्या खोलीत बसून त्यांच्या सदऱ्यांच्या घड्या करत होतो. लेक गेलेल्या नव्वदीच्या बाईला आता हे सांगावं का, तुमचा देवा खोटं बोलला होता... पण मला राहवेना. सगळं सांगून टाकलं. त्यांच्या घड्या चालूच होत्या.

“मले मालूम हाये,” त्या म्हणाल्या. “तवाच समजलं होतं. देवा कधी मान वर करून वाचे का? त्या दिवशी सारा वेळ माह्या डोळ्यात पाहून सांगत होता.”

माझ्या हातातला सदरा तसाच राहिला. नागपूरला जायच्या आधी, कुठल्याही डॉक्टरानं काही सांगायच्या आधी ही बाई चुलीपासून उठली होती. आणि मी आजवर समजत होते की तिला फसवलं.

“मंग शिनेमात खरं कोनं केलं होतं?” त्यांनी विचारलं.

“सुनेनंच,” मी म्हणाले.

त्यांनी मांडीवरच्या सदऱ्यावरून हात फिरवला.

“मंग माह्या देवानंच बरोबर सांगतलं,” म्हणाल्या.