आधी भाडं ठरव, बाय

जगात जेवढी माणसं आहेत त्यांच्यापेक्षा लबाड माणसं दोनानं जास्त आहेत आणि ती वरची दोन टॅक्सी चालवतात, असं आमच्या हिच्या थोरल्या भावाचं ठाम मत होतं. ही म्हणजे माझी बायको. तिला जाऊन दीड वर्ष झालं. भाऊ तिच्याही आधी गेला. मी मिठागरात जन्म काढलेला माणूस, शाळा चौथीपर्यंत, लिहिण्याची सवय नाही. पण या मेहुण्याइतका डोकं उठवणारा सज्जन मी दुसरा पाहिला नाही, एवढं मात्र लिहून ठेवायला हरकत नाही.

तो बोटीवर स्वयंपाकाला होता. वीसेक वर्षं समुद्रावर काढली, निम्म्या जगाच्या धक्क्यांवर उतरला. पण त्याला विचारावं, एडन कसं आहे हो, मोंबासा कसं आहे, तर इमारती नाहीत, बाजार नाही, माणसं नाहीत. "एडनला टॅक्सीला मीटर नाही. मोंबासाला आहे, पण बंद असतो. कोलंबोला चालू असतो, पण गाडीपेक्षा जास्त पळतो." झालं, संपलं जग. साठ सालानंतर नोकरी सोडून तो मुर्ध्याला खाडीच्या काठी दोन खोल्या घेऊन राहिला. लग्न केलं नव्हतं. तेव्हा भाईंदर स्टेशनवरून मुर्ध्याकडे टांगे जायचे, आणि बंदराबंदरावर शिकलेली सगळी विद्या त्यानं त्या टांग्यांवर काढली. टांगेवाला त्याच्या शेजारचाच, भिंतीला भिंत लागलेली. तरी दर वेळी हा टांग्यापासून दोन हात लांब उभा राहून विचारायचा, "मुर्धा. माणसं दोन. पिशवी एक. किती?"

"काका, रोजचाच की."

"रोजचा म्हणजे किती? आकडा बोल."

तो आकडा बोलायचा. मग हा तेवढी बोटं वर करायचा आणि टांगेवाल्यालाही करायला लावायचा. मग खिशातल्या वहीत टांग्याचा नंबर लिहायचा. तो नंबर त्या वहीत शंभर वेळा तरी असेल. टांगेवाला एकदा कळवळून म्हणाला, "काका, माजी म्हातारी तुमचेकडं पीठ मागाला येते. मी काय तुमाला पलवून नेनार हाय?"

"शेजारी तू घरी. लगाम हातात घेतलास की तू ड्रायव्हर," हा म्हणाला आणि बरोबर त्याच्या पाठीमागे बसला. ड्रायव्हरच्या मागेच बसायचं, म्हणजे त्याला आपण दिसत नाही आणि आपल्याला त्याची मान दिसते, हा त्याचा नियम. टांग्यात मागे बसलं की तोंड मागच्या रस्त्याकडे होतं. मग हा सगळी वाट मान वळवून त्या बिचाऱ्याच्या मानेकडे बघत यायचा. घरी आल्यावर मान धरलेली. मग आमच्याकडे आला की ही तेल चोळून द्यायची आणि वर हसायची.

सामानाचा नियम वेगळा. चढताना आधी माणूस, मग सामान. उतरताना आधी सामान, मग पैसे. आधी पैसे द्यायचे नाहीत, जीव गेला तरी. माझ्या चुलतभावाच्या मुलाचं लग्न वरसाव्याला होतं. वऱ्हाड ट्रकनं गेलं आणि ट्रकवाल्याचे पैसे कोणीतरी चुकून याच्या हातात दिले. मुहूर्ताला दहा मिनिटं राहिलेली, भटजी ओरडतोय, मुलीकडचे पायावर पाणी घालायला तांब्या घेऊन उभे, आणि हा ट्रकला पाठ लावून नग मोजतोय. ट्रकवाला पैशाशिवाय रस्त्यातून हलेना, ट्रक हलल्याशिवाय नवऱ्याला मांडवात जाता येईना. मी जाऊन म्हणालो, "अहो, नवरा खाली उतरलाय, आता सोडा त्याला." तर म्हणाला, "नवरा उतरला तो मी पाहिला, भावोजी. झारा उतरला नाही." झारा सापडला, तेव्हा लग्न लागलं.

परक्या मुलखात आपण नवीन आहोत हे कोणाला कळू द्यायचं नाही, हा आणखी एक नियम. आम्ही नवघरला खोली घेतली तेव्हा तो पहिल्यांदाच त्या आळीत आला. चार शेजारी ओट्यावर बसलेले. हा त्यांच्यासमोर थांबला आणि मोठ्यानं म्हणाला, "हे चिंचेचं झाड मागच्या वेळी एवढं नव्हतं." शेजारी मला बरेच दिवस विचारत होते, हे गृहस्थ पूर्वी इथं कोणाकडे यायचे? कुठं निघालात असं कोणी विचारलं तर "जवळच" म्हणायचा. तिकिटाच्या खिडकीत डोकं आत घालून स्टेशनचं नाव कुजबुजायचा, मागच्याला ऐकू जाऊ नये म्हणून. कारकुनालाही ऐकू जायचं नाही. एकदा दादरच्या ऐवजी दहिसरचं तिकीट हातात पडलं आणि दादरला दंड भरायला लागला. तिथंही त्यानं तपासनीसाला आपण कुठून आलो ते सांगितलं नाही.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, ते आमच्या मुलीचं पत्र येईपर्यंत. एकुलती एक मुलगी. जावई कुवेतला वेल्डिंगच्या कामाला, लग्नानंतर तीही तिकडेच. ऐंशी सालाच्या जरा आधीची गोष्ट. तिला दिवस गेलेले, तब्येत नाजूक, डॉक्टरांनी प्रवास बंद केला. लिहिलं होतं, आई, इथं माझं कोणी नाही, हे दिवसभर कामावर असतात, मला भीती वाटते, तू ये. पहिलं बाळंतपण माहेरी असतं. मुलीला माहेरी येता येत नाही तर माहेरानं तिच्याकडे जायला पाहिजे, असं हिनं एका मिनिटात ठरवलं. जावयानं कागदपत्रं आणि एकीच्या तिकिटाचे पैसे धाडले, आणि अडीअडचणीला म्हणून तिकडच्या दहा नोटा एका सुटीवर आलेल्या माणसाबरोबर पाठवल्या. तेव्हा मुंबईहून आखातात माणसांची बोट जायची. आमची ही रोह्याच्या पलीकडचं गाव आणि दादर, एवढंच जग पाहिलेली.

मेहुण्यानं शिकवणी सुरू केली. रोज दुपारी मुर्ध्याहून येणार. अंगणातली खाट म्हणजे टॅक्सी. मी ड्रायव्हर.

"भावोजी, तुम्ही अरब. हसायचं नाही."

"अरब हसत नाहीत होय?"

"ड्रायव्हर हसत नाहीत. हां बाय, पुढं ये. आधी भाडं ठरव."

ही पदर खोचून पुढं यायची. "काय हो अरब, कितना लोगे?"

"शंभर," मी म्हणायचो.

"शंभरात गाडी देणार की नुसतं बसवणार?" असं म्हणून ही हसत सुटायची.

"हसू नको बाय. हसलीस की भाडं वाढतं. हे बघ, बोटं दाखव. पाच. धक्क्यापासून घरापर्यंत पाच, त्याच्यावर एक नाही. तो कमी सांगेल, एक म्हणेल, दोन म्हणेल. भुलायचं नाही. आधी कमी सांगून बसवून घेतात आणि वाटेत वाढवतात. पाचालाच हो म्हणायला लाव."

मी म्हटलं, "अहो, नोटा बघा, या रुपयाच्या नाहीत." कुवेतच्या बंदरात हा शेवटचा उतरला तेव्हा तिथं आपलाच रुपया चालायचा. नोट उलटीपालटी करून तो म्हणाला, "चित्र बदललं म्हणून भाडं बदलतं होय? पाच म्हणजे पाच."

पंधरा दिवस हे चाललं. त्यात मग वाट चुकवणारे आले, गाडी आडरानात थांबवणारे आले, सामान घेऊन पळणारे आले. हिचं हसणं कमी होत गेलं. बोट चार दिवसांवर आली आणि एका सकाळी ही चुलीपुढे बसून म्हणाली, "मी नाही जात. जावई धक्क्यावर नाही आले तर मी काय करू? पोरीला कळवा, एखादी शेजारीण बघ म्हणावं." मी खूप सांगितलं. ती नुसती मान हलवायची आणि रडायची. तिकडे पोरगी एकेक दिवस मोजत असणार.

दुपारी मेहुणा आला तसा मी त्याला दारातच धरला. मी तोंडाचा फटकळ, मागचंपुढचं सगळं काढलं. आमच्या लग्नात हा बोटीवरून आला तो हात हलवत. बहिणीला साडी नाही, माझ्या आईला मानाचं लुगडं नाही, मला टोपीसुद्धा नाही. आमच्याकडच्यांनी नावं ठेवली आणि मी ती हिला पंचवीस वर्षं ऐकवली. तेच पुन्हा ऐकवलं. म्हटलं, "लग्नात काही दिलं नाहीस ते नाहीस, आता तिचा धीर तरी काढून घेऊ नकोस."

तो ओट्यावर बसला. बराच वेळ वहाणेचा अंगठा नीट करत राहिला. मग म्हणाला, "तुमच्या लग्नासाठी ट्रंक भरली होती मी, भावोजी. बसऱ्याला घेतलं होतं सगळं. बायला शालू, तुम्हाला सुटाचं कापड, तुमच्या आईला शाल. धक्क्याशी टॅक्सीतून उतरलो, पैसे दिले, मागून ट्रंक काढायला वळलो तर गाडी सुटली. पळालो मागं. वहाणा तुटेपर्यंत पळालो."

ही आतून बाहेर आली. "मग सांगितलं का नाहीस रे?"

"काय सांगायचं? तुझ्या सासरचे हसले असते. हात हलवत आलेला भाऊ परवडला, फसून आलेला नको."

ही त्याच्याजवळ जाऊन बसली. मग हिनं विचारलं, "त्याच्यानंतरच्या बंदरात तू उतरलासच नाहीस?"

"उतरलो की."

"टॅक्सीनं गेलास?"

"मग काय चालत? बाजार गावात होता, मसाला आणायचा होता."

"मग मी पण जाते," ही म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

बोटीवर चढवताना त्यानं तिला एकही नियम सांगितला नाही. नुसता कठड्याला धरून उभा होता, बोट दिसेनाशी झाली तरी. त्यानंतर पत्र येईपर्यंत तो रोज मुर्ध्याहून नवघरला येत होता. आज विळीला धार लावायचीये, उद्या तुमच्याकडे आंबोशी उरली असेल तर बघू. पत्राचं नाव काढायचा नाही. पोस्टमनची वेळ टळली की उठून जायचा. माझंही जेवणात लक्ष नसायचं. दोघं पुरुष त्या ओट्यावर बसून काय बोलणार? पाऊस, मीठ, गुडघे.

बाविसाव्या दिवशी पत्र आलं. अक्षर मुलीचं, बोलणं हिचं. मी अडखळत वाचत गेलो. बोट दोन तास लवकर लागली, जावई कामावरून निघायचे होते. ही तासभर उभी राहिली, मग पत्त्याचा कागद घेऊन टॅक्सीपाशी गेली. ड्रायव्हरनं कागद बघून एक बोट दाखवलं. हिनं पाच दाखवली. त्यानं मान हलवून परत एक दाखवलं. हिला वाटलं, हाच तो डाव. ही ओरडली, "एक नहीं, पाँच! पाँच में चलना है तो चलो!" चार माणसं जमली. तो म्हातारा ड्रायव्हर छातीवर हात ठेवून एकच म्हणतोय आणि ही पाचाखाली यायला तयार नाही. शेवटी त्यानं हात जोडले आणि पाच बोटं वर केली, तेव्हा ही ट्रंक मांडीवर घेऊन त्याच्या मागे बसली. दारात उतरली, आधी ट्रंक उतरवली, मग पाच नोटा मोजून दिल्या. त्यानं त्यातली एक घेतली आणि चार हिच्या मुठीत परत कोंबल्या. पुढं लिहिलं होतं की इथली एक नोट म्हणजे आपले पंचवीस-तीस रुपये, हे जावयांनी नंतर सांगितलं, सगळे खूप हसलो, आणि पोरीला चौथ्याच दिवशी कळा लागल्या, मुलगा झाला, दोघं सुखरूप आहेत.

मी नातवाचं वाक्य दोनदा वाचलं. डोळे पुसले. मेहुणा म्हणाला, "त्याच्या आधीचं वाचा."

"कोणतं?"

"चार परत दिल्या, ते."

वाचलं. तो म्हणाला, "त्याचं नाव काय लिहिलंय?"

"नाव नाही लिहिलं."

"विचारायला पाहिजे होतं," तो म्हणाला, आणि पोस्टमनची वेळ टळून गेली तरी उठला नाही.

तीन महिन्यांनी ही परत आली. आम्ही दोघं धक्क्यावर गेलो होतो. ही नातवाचं सांगत होती, नाक कसं, रंग कसा, आणि हा मध्येच म्हणाला, "बाय, तो दिसायला कसा होता गं?"

कोण, ते तिनं विचारलं नाही. म्हणाली, "दाढी पांढरी होती. आणि दादा, तो घाबरला होता रे. मी एवढी ओरडत होते ना."

घरी आल्यावर ही मला म्हणाली, ट्रंकेचं कळलंय आता, तर दादाला एकदा चुकलं म्हणा. मी म्हटलं, म्हणू की, कुठं पळून चाललाय. नंतरही तिनं दोन-तीनदा आठवण केली. तो त्यानंतर अकरा वर्षं होता. दर आठवड्याला त्या ओट्यावर बसत होता, मी शेजारी बसत होतो. पाऊस, मीठ, गुडघे, सगळं बोललो. एवढं एक बोललो नाही.