इकाम्यावरचा ड्रायव्हर

मी सौदीतल्या यान्बूला हाताच्या दुखण्यांची फिजिओथेरपिस्ट आहे. सोळा वर्षं झाली. आपल्याला हात बघितल्यावर माणूस कळतो, अशी माझी ऐट होती. ती गेल्या वर्षी एका अंगठ्यानं उतरवली.

अंगठा एका सुदानी म्हाताऱ्याचा. पडून उजवं मनगट मोडलेलं. प्लास्टर निघाल्यावर तो माझ्याकडे आला. आमच्याकडे पेशंटचा इकामा, म्हणजे रहिवासाचं कार्ड, मशीनला दाखवलं की त्यावरचा धंदा आपोआप केसपेपरवर छापून येतो. याचा आला ड्रायव्हर. झालं, मी तेवढ्यावर उपचार ठरवले. ड्रायव्हरला काय लागतं? स्टिअरिंगवर घट्ट पकड. याचा अंगठा तर मागे इतका वळायचा की मी दचकलेच. सांधा सैल झालाय असं ठरवलं, गरम पाण्यात प्लास्टिकची पट्टी मऊ करून अंगठ्याला चपखल बसवली आणि बजावलं, सहा आठवडे काढायची नाही.

तो दर खेपेला एकच विचारायचा, अंगठा पहिल्यासारखा मागे वळेल ना? मी त्याला अम्मो, म्हणजे काका, म्हणायचे. म्हणायचे, अम्मो, मागे कशाला वळायला हवा, गाडी झकास चालेल. मग तो मान हलवायचा आणि डाव्या हातानं टेबलावर ठेका धरायचा. तोही असला, की व्यायाम मोजताना माझे आकडे चुकायचे. एकदा मी त्याला दटावलंसुद्धा.

पाचव्या आठवड्यात घरी जेवताना गंमत म्हणून तो ठेका मी ताटावर वाजवून दाखवला. माझी मुलगी दहावीत आहे, बेस गिटार शिकते, आणि मराठीत विचारलं तरी हिंदीत उत्तर देते. तिचा घास हातातच राहिला. फिर से बजाओ, म्हणाली. मग तिनं फोनवर एक जुनी रेकॉर्ड लावली. तोच ठेका, गिटारच्या जाड तारांवर. कव्हरवर डोक्यावर केसांचं हे एवढं टोपलं असलेला तरुण, आणि चेहरा माझ्या पेशंटचा. खार्टूममध्ये फंक संगीत पहिल्यांदा वाजवलं ते यानं, पोरगी सांगत होती. तार छेडायची नाही, अंगठ्यानं ठोकायची आणि अंगठा झटक्यात मागे घ्यायचा. ती दिवसभर ज्यांची गाणी ऐकते, त्यांनी याचेच तुकडे उचललेत म्हणे. खाली कॉमेंटमध्ये लोक वाद घालत होते, हा वारला कधी.

त्या फोटोतही अंगठा तसाच मागे वळलेला होता, आणि तो मी पाच आठवडे बांधून ठेवला होता.

संताप कशाचा आला सांगू? माझ्याच नवऱ्याच्या इकाम्यावर तीन वर्षं 'सुतार' होतं. केमिकल इंजिनिअर माणूस! कफीलकडे, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाकडे, तेव्हा सुताराचाच व्हिसा शिल्लक होता, म्हणून. याला साधा खिळा ठोकता येत नाही. इकाम्यावरच्या धंद्यावर जायचं नसतं, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. आणि मी बाई तेवढं वाचून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून घेतलं. पट्टी काढली. तुम्ही सांगितलं का नाहीत, विचारलं. माझा आवाज चढलाच. तो मला बिन्ती म्हणायचा, म्हणजे मुली.

"बिन्ती," तो शांतपणे म्हणाला, "तीस वर्षं मीही तेच कार्ड वाचतोय. मला वाटलं, तुझंच बरोबर असेल."

मी म्हटलं, वाजवा. त्यानं मांडीवर अंगठा ठोकला. आवाज आला, पण अंगठा मागे आला नाही, तिथेच पडून राहिला. त्यानं डाव्या हातानं तो उचलला आणि पुन्हा ठोकला.