खोटा नमुना

कारखान्याच्या पॉवरहाउसमध्ये डबा द्यायला गेलो, तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, चालू डिझेल इंजिनाशेजारी वाकून तेलाचा नमुना काढत होते. तोटीतलं पहिलं तेल त्यांनी बादलीत सोडून दिलं आणि मग बाटली भरली. त्या काळ्या तेलातल्या धातूच्या कणांवरून प्रयोगशाळेत कळतं, आतलं कुठलं बेअरिंग झिजतंय.

“अण्णा, बाटलीत थोडं नवं तेल ओता की. रिपोर्ट कसा चकाचक येईल!” त्यांचे सहकारी मधूकाका हसले.

“गप रे. असा नमुना खोटं बोलतो. मग एक दिवस इंजिनच बसेल,” अण्णा म्हणाले आणि खोकत राहिले.

दुसऱ्या दिवशी अण्णांसारख्या कंत्राटी कामगारांची आरोग्य तपासणी होती. निघताना अण्णांनी खोकल्याचं औषध दुप्पट घेतलं.

“डॉक्टरांना खरं सांगा ना,” मी म्हणालो.

“सांगतो की. मग उद्यापासून काम शोधत गेटबाहेर उभा राहतो.”

इंजिनाला खरं बोलणं परवडतं. त्याची झीज कळली की काम थांबवतात, बेअरिंग बदलतात, पुन्हा हळूहळू सुरू करतात. माणसाची झीज कळली की माणूसच बदलतात. हा नियम कुठल्याही भिंतीवर लिहिलेला नाही, तरी तो प्रत्येक कामगाराला पाठ आहे.

संध्याकाळी अण्णा ‘फिट’ असा शिक्का घेऊन घरी आले. आईने देवापुढे साखर ठेवली. आम्ही तिघांनी ती एकमेकांकडे न बघता खाल्ली.