इंद्रभान यांनी टाइप केलेले नाव

परतूरची मनीषा ही मेंढपाळ इंद्रभान यांची मुलगी. ती गणितात पीएच.डी. करते आणि संध्याकाळी आम्हा वयस्करांना अक्षरे शिकवते. लहानपणापासून आमच्या अंगणात खेळलेल्या या मुलीला आम्ही वर्गात 'बाई' म्हणतो. तिचे वडीलही म्हणतात.

मागच्या आठवड्यात नवा लॅपटॉप आला. सुरू होताच त्याने मालकाचे नाव विचारले. इंद्रभान यांनी एका बोटाने, एकेक अक्षर शोधून, मराठीत 'मनीषा' असे टाइप केले. पाटीबाहेर त्यांनी लिहिलेला तो पहिलाच शब्द होता.

प्रबंध पाठवण्याच्या अखेरच्या दिवशी मी त्यांच्या घरी होते. पाच वाजेपर्यंत तो विद्यापीठात न पोहोचल्यास नोंदणी रद्द होणार होती. गणिताची सूत्रे नीट मांडणाऱ्या 'लेटेक'मध्ये तो लिहिलेला होता. त्यासाठीचा एडिटर मनीषाने नव्या लॅपटॉपवर बसवला होता. परंतु बटण दाबले की पानांऐवजी लाल ओळी येत होत्या.

"आता काय म्हणून राह्यली ही मशीन?" इंद्रभान यांनी विचारले.

"फाइलच सापडंना म्हणती, बाबा."

"चुकार मेंढीवानी करू राह्यली. कान धर तिचा!"

मनीषा हसली नाही. तिने विद्यापीठात सोबत शिकणाऱ्या राजानंदला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"फोल्डरचं नाव वाच बरं," तो म्हणाला. "मराठीत है? मालकाचं जे नाव टाकलं, तेच फोल्डरला लागतं. मंग तिथंच अडकलं. या प्रोग्रामला ती अक्षरं कळंना गेली. कुणी टाकलं गं असलं नाव?"

इंद्रभान यांनी मान खाली घातली.

"पुसून टाक," ते म्हणाले. "जल्दी कर. माझं काय, पुन्हा लिहीन."

"थांबा, बाबा."

चार वाजत आले होते. त्यातच लाइट गेली आणि बॅटरी निम्मीच होती. मनीषाने जुन्या नावाला हात न लावता लॅपटॉपवर इंग्रजी अक्षरांत आपल्याच नावाचे दुसरे खाते उघडले आणि तिथे सर्व काही पुन्हा बसवू लागली. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या गतीने सरकत होती. इंद्रभान उंबऱ्यावर जाऊन बसले. त्यांना ते पाहवत नव्हते. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तो तिने बाजूला सारला.

पट्टी भरली. मनीषाने प्रबंध उघडून बटण दाबले. एकही लाल ओळ आली नाही. पहिले पान उमटले, मागोमाग सूत्रे आली. तिने प्रबंध पाठवला. पोच आली तेव्हा पाच वाजायला थोडाच वेळ उरला होता.

"पोचलं का, बाई?" इंद्रभान यांनी उंबऱ्यावरूनच विचारले.

"पोचलं, बाबा. या, बघा." तिने खाते निवडायचे पान उघडून लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर दोन नावे होती, एक इंग्रजीत आणि एक मराठीत.

त्यांनी मराठी नाव बोट ठेवून वाचले. "मंग बराबर है. एक मनीषा कामाला, एक घरी."

मनीषाने तेव्हा कुठे तांब्या उचलला.